‘पारदर्शक’ पूल नेमका कुणासाठी पारदर्शक?

आमच्या साताऱ्याच्या घराच्या भिंती काळ्या दगडाच्या आहेत, चांगल्या दीड हात जाड. फायबरची वायर ओसरीवर येते आणि राउटरही तिथंच. माडीवर वायफाय जेमतेम पोचतं. म्हणून दादानं जिन्याच्या वळणावर एक छोटा डबा बसवला. तो ओसरीवरच्या राउटरचं वायफाय पकडतो आणि मागच्या भोकांतून केबलनं पुढं देतो. त्या केबलींवर माडीवरचा टीव्ही, वहिनीचा ऑफिसचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर. या डब्याला वायरलेस ब्रिज म्हणतात. बसवल्यापासून सगळं छान चालू होतं.

मग पुतणीची दहावी आली. बाबांनी राउटरचं ॲप उघडलं, यादीत ‘टीव्ही’ शोधला आणि ब्लॉक केला. त्याच मिनिटाला वहिनीची मीटिंग तुटली. पुढचे तीन दिवस ती इंटरनेटवाल्यांना फोन करत होती आणि ऑफिसकडून बोलणी खात होती. बाबांना तर कल्पनाही नव्हती की हे आपण केलंय. टीव्ही बंद होता, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं काम झालं होतं.

मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं. दोन दिवसांनी मात्र पोटात गोळा आला. कारण माझ्या प्रबंधाचा तिसरा अध्याय घरगुती नेटवर्कवर आहे, आणि त्यातली ‘घरातली उपकरणं’ ही पूर्ण रकाना मी राउटरमधले पत्ते मोजून भरली होती. जी चूक बाबांनी ॲपमध्ये केली, तीच मी तक्त्यात करून ठेवली होती.

म्हणून आजचा लेख समजावून सांगण्यापुरता नाही, थोडा तक्रारीचाही आहे. तक्रार दादाच्या डब्याबद्दल कमी आणि त्यामागच्या एका शब्दाबद्दल जास्त. तो शब्द म्हणजे ‘पारदर्शक’.

शब्दातच गोची आहे

नेटवर्किंगच्या पुस्तकात ब्रिजला ‘ट्रान्स्परंट’ म्हणतात. आपण त्याचं भाषांतर पारदर्शक असं करतो आणि पुढं जातो. पण मराठीत ‘पारदर्शक कारभार’ म्हणजे काय? आत काय चाललंय ते सगळ्यांना दिसणं. ब्रिजच्या बाबतीत अर्थ बरोबर उलटा आहे. ब्रिज पारदर्शक, म्हणजे तो मध्ये आहे हेच कुणाला दिसत नाही. काच पुसलेली असली की ती दिसत नाही, तसं.

ही कल्पना मुळात वाईट नाही. दोन इथरनेट एकमेकांना जोडायची आहेत, पण टोकाच्या यंत्रांत एक अक्षरही बदलायचं नाही, ही १९८० च्या दशकातली गरज होती. रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्रीचा अल्गोरिदम बनवला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केला, तो याच गरजेतून. ब्रिजचं काम साधं. एखादी फ्रेम आली की पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा, ‘हा इसम या भोकाच्या बाजूला राहतो’ अशी नोंद करायची, आणि घेणाऱ्याचा पत्ता नोंदीत असेल तर त्याच भोकातून फ्रेम पुढं ढकलायची. नोंद नसेल तर सगळीकडे पाठवायची. जुन्या नोंदी ठरावीक वेळानं पुसायच्या. मानकातली नेहमीची मुदत ३०० सेकंद आहे.

या सगळ्यात एक अट न बोलता धरलेली आहे. ब्रिज फ्रेमवरचे पत्ते बदलत नाही. त्याची पारदर्शकता या एका अटीवर उभी आहे. पाकीट जसं आलं तसं गेलं पाहिजे.

वायफायवर नेमकी हीच अट मोडते.

‘मार्फत’ची ओळ

इथरनेटच्या फ्रेमवर दोन पत्ते असतात: कुणाला आणि कुणाकडून. वायफायला ते पुरत नाहीत, कारण हवेत बोलताना प्रत्येक फ्रेमची पोच लगेच द्यावी लागते. त्यामुळे ‘शेवटी कुणाला’ याशिवाय ‘आत्ता या टप्प्यावर कुणी घ्यायची’ हेही लिहावं लागतं.

म्हणून वायफायच्या नेहमीच्या फ्रेमवर तीन पत्ते असतात. तुमच्या लॅपटॉपकडून राउटरच्या वायफायला जाताना: आत्ता घेणारा (राउटर), पाठवणारा (लॅपटॉप), शेवटचा मुक्काम. उलट येताना: घेणारा (लॅपटॉप), आत्ता पाठवणारा (राउटर), मूळ पाठवणारा. हिशेब जमतो. पण तो जमण्यामागे एक गृहीतक आहे: वायफायच्या टोकाला जो आहे तोच शेवटचा. त्याच्या मागे आणखी कुणी राहत नाही.

आता माडीवरचा टीव्ही घ्या. राउटरला टीव्हीकडे फ्रेम पाठवायचीय. हवेतून ती घेणार ब्रिज, पण मुक्काम टीव्ही. म्हणजे आत्ता घेणारा, आत्ता पाठवणारा, शेवटी घेणारा आणि मुळात पाठवणारा असे चार पत्ते हवेत. आपल्याकडे कुणी दुसऱ्याच्या घरी राहत असेल तर पाकिटावर ‘मार्फत’ लिहितात ना? तीन पत्त्यांच्या पाकिटावर ‘मार्फत’ लिहायला जागाच नाही.

उलट दिशेलाही तेच. वर जाणाऱ्या फ्रेममध्ये ‘आत्ता पाठवणारा’ आणि ‘मुळात पाठवणारा’ यांच्यासाठी एकच जागा आहे. ब्रिजनं तिथं टीव्हीचा पत्ता लिहिला तर राउटर म्हणणार, हा कोण? याची माझ्याकडे नोंदणी नाही. आणि फ्रेम टाकून देणार.

मानकानं काय केलं?

आता टीका. आयईईई ८०२.११ हे मानक १९९७ चं. त्यात चौथ्या पत्त्याची जागा पहिल्यापासून आहे! फ्रेमच्या सुरुवातीला दोन बिट असतात, आणि दोन्ही १ केले की चार पत्त्यांचं पाकीट तयार. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांना हा प्रश्न दिसला होता. पण ते पाकीट वापरायचं कसं, जोडणी करताना दोन्ही बाजूंनी काय बोलायचं, हे त्यांनी ठरवून दिलं नाही. २००७ च्या आवृत्तीत तर ते सरळ लिहिलंय की या प्रकाराची कार्यपद्धती हे मानक सांगत नाही.

मला मानक बनवणाऱ्यांची बाजू कळते. त्या काळी वायफाय म्हणजे लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या मागे कोण राहणार? प्रत्येक फ्रेमवर सहा बाइट विनाकारण वाहायची काय गरज? शिवाय, एकच नोंदणीकृत पत्ता बोलणार असेल तर सुरक्षेचा हिशेबही सोपा राहतो. तीन पत्त्यांचा निर्णय चुकीचा नव्हता. चूक ही, की चौथ्याची जागा ठेवली आणि नियम ठेवला नाही. रिकामी जागा दिसली की प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं ती भरते. म्हणून ‘डब्ल्यूडीएस’ नावाचं बटण बऱ्याच डब्यांवर सापडतं, पण एका कंपनीचं दुसरीशी जमेलच याची खात्री नाही.

जिथं तेही नाही, तिथं डबा एक युक्ती करतो. टीव्हीची फ्रेम आली की पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा मॅक पत्ता टाकतो, आणि ‘हा आयपी पत्ता टीव्हीचा, हा कॉम्प्युटरचा’ अशी आपल्यापुरती वही ठेवतो. उत्तर आलं की वही बघून योग्य पत्ता पुन्हा लिहितो. राउटरला मात्र तिन्ही उपकरणं एकाच पत्त्यावर दिसतात. बाबांनी टीव्ही ब्लॉक केला असं त्यांना वाटलं, पण बंद झाला तो सगळा जिना.

हा वहीचा कारभार किती नाजूक असतो याचं एक उदाहरण. उपकरण राउटरकडे आयपी पत्ता मागतं, तेव्हा त्याचा खरा मॅक पत्ता पाकिटावर असतो तसा आतल्या अर्जातही असतो. राउटर उत्तर पाठवतो ते आतल्या पत्त्यावर. पण तो पत्ता वायफायवर नोंदलेलाच नाही, त्यामुळे उत्तर हवेतच हरवतं. मग डब्याला अर्ज उघडून आतलं एक बिट बदलावं लागतं: ‘उत्तर सगळ्यांना ओरडून सांगा.’ म्हणजे ज्याची ख्याती ‘मी पाकिटाला हात लावत नाही’ अशी, तो पाकीट फोडून आतलं पत्र दुरुस्त करतोय. आयपीच्या जुन्या आवृत्तीसाठी ही युक्ती बसवली की नव्या आवृत्तीसाठी, म्हणजे आयपीव्ही६ साठी, वेगळी लागते. ती बसवली नसेल तर अर्धी दुनिया चालते, अर्धी नाही, आणि कारण कुठंच दिसत नाही.

‘पण चाललं ना?’

लॅबमध्ये हे मांडलं तेव्हा एका सीनियरनं विचारलं, “अगं, पत्ते तर राउटरही बदलतो. घरातल्या दहा यंत्रांना बाहेर एकच आयपी पत्ता असतो. तिथं तू तक्रार करत नाहीस.”

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: राउटर ही वेस आहे. वेशीवर नाव-गाव बदलतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोजणारा आत उभा आहे की बाहेर हे विचारूनच आपण आकडा वाचतो. पत्ते बदलणारा ब्रिज मात्र वेस असून ‘इथं वेस नाहीच’ असं सांगतो. माझा आक्षेप पत्ते बदलण्यावर नाही, ते लपवण्यावर आहे.

या बाबतीत मला लिनक्सचं वागणं आवडतं. साध्या ग्राहक पद्धतीनं जोडलेलं वायफाय कार्ड तुम्ही ब्रिजमध्ये घालायला गेलात, तर तो सरळ नकार देतो. चार पत्त्यांची पद्धत चालू करा, मग घेतो म्हणतो. नवख्या माणसाला हा नकार उद्धट वाटतो. मलाही पहिल्या वर्षी वाटला होता, अख्खी संध्याकाळ गेली होती त्यात. आज वाटतं, जिन्यातल्या डब्यानंही असाच नकार दिला असता तर वहिनीचे तीन दिवस वाचले असते. माझा अध्यायही.

मानकाच्या बाजूनं सुधारणा झालीय, हेही सांगायला हवं. २०११ च्या ८०२.११एस मध्ये मेशसाठी नियम आले. २०१८ मध्ये ८०२.११एके आलं, ते तर वायफायचा दुवा ब्रिजच्या मधोमध नीट बसावा एवढ्यासाठीच. त्याच वर्षी वायफाय अलायन्सनं इझीमेश आणलं, आणि त्यात डब्या-डब्यांमधला दुवा चार पत्त्यांचा असतो. पण पहिल्या मानकापासून २०१८ पर्यंत एकवीस वर्षं होतात. तेवढ्या काळात युक्तीचीच रूढी झाली.

माझ्या तक्त्याचं काय झालं

ज्या घरांत मी मोजणी केली होती, तिथल्या राउटरांच्या दोन याद्या माझ्याकडे होत्या: एक कोणता आयपी कोणत्या मॅकवर आहे याची, दुसरी आयपी पत्ते वाटल्याची. मी पहिलीच वापरली होती, कारण ती वाचायला सोपी. दुसऱ्या यादीत मात्र अर्जाच्या आतले मूळ पत्ते होते. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि आमच्याच घरात फरक दिसला: पहिलीत नऊ, दुसरीत अकरा. टीव्ही, कॉम्प्युटर आणि प्रिंटर हे तिघं मी ‘एक’ म्हणून मोजले होते.

मी गाइडना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग आता रकान्याचं शीर्षक काय देणार?” ‘उपकरणांची संख्या’ खोडून मी ‘किमान उपकरणं’ लिहिलं. त्यासाठी अध्यायाचे दोन निष्कर्ष सौम्य करावे लागले आणि एक काढूनच टाकावा लागला. वाईट वाटलं. तरी परीक्षकानं ते शोधून काढण्यापेक्षा बाबांनी शोधून दिलं हे बरं.

तुमच्या घरी असा डबा असेल तर तुम्हीही बघा. राउटरच्या यादीत दोन-तीन आयपी पत्त्यांपुढं एकच मॅक दिसतोय का? दिसला तर मध्ये कुणीतरी पत्ते बदलतंय. डबा फेकून द्यायची गरज नाही. फक्त त्या मॅकवर काही बंद करण्याआधी मागं कोण कोण राहतं ते लिहून ठेवा. नवा घेणार असाल तर खोक्यावरच्या वेगाच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचारा: तो चार पत्ते वापरतो का, आणि तुमच्या राउटरशी त्याचं त्या पद्धतीनं जमतं का. आणि तोच डबा केबलसोबत पुन्हा वायफायही पसरवत असेल, तर तो रिपीटर झाला. त्यात एकच रेडिओ असेल तर प्रत्येक फ्रेम हवेत दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो. नुसत्या केबलीच्या ब्रिजला हा भुर्दंड नाही.

आमच्याकडे दादानं शेवटी राउटर आणि जिन्यातला डबा दोन्ही इझीमेशवाले आणले. आता यादीत टीव्ही वेगळा, कॉम्प्युटर वेगळा, प्रिंटर वेगळा दिसतो. पुतणीचा निकाल लागलाय, त्यामुळे काही ब्लॉक करायची गरज उरलेली नाही. वहिनीनं मात्र ॲपचा पासवर्ड बदलून टाकलाय.