आवाज येतोय का?

बँकेत नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्यापुढे एक छापील कागद सरकवण्यात आला. बँकेच्या आणि खातेदारांच्या व्यवहाराबद्दल मी कुठेही, कोणाहीजवळ अवाक्षर काढणार नाही, अशी त्यावर प्रतिज्ञा होती. शाळेतल्या ‘भारत माझा देश आहे’नंतर मी केलेली ही दुसरीच प्रतिज्ञा. (लग्नातही काही वचनं दिली म्हणतात, पण ती संस्कृतात असल्यामुळे मी धरत नाही.) ही प्रतिज्ञा मी आजतागायत पाळली आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची मुदत ठेव कितीची, हे माझ्या बायकोनं वीस वर्षांत नाना मार्गांनी विचारून पाहिलं. थालीपीठ करून विचारलं, अबोला धरून विचारलं. मी बधलो नाही.

परवा त्याच काकूंनी रिक्षाच्या रांगेत उभं राहून सुरतेच्या जावेला मोबाइलवरून तो आकडा सांगितला. व्याजासकट. रांगेत त्यांच्यामागे एकवीस माणसं होती. बावीसावी माझी बायको होती.

आता माझी वीस वर्षांची तपश्चर्या कुठे नेऊन घालू, सांगा!

मोठ्यानं बोलणं आपल्याला नवं नाही, हे मला मान्य आहे. आमच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, ट्रंककॉल नावाची एक वस्तू होती. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तिच्या तीन जाती. आमचे एक काका पोस्टातून नागपूरला ट्रंककॉल लावत. ते बोलायला लागले की पोस्टमास्तर शिक्का मारायचे थांबत आणि बाहेर पिंपळावरचे कावळे उडत. पण त्या ओरडण्याला कारण होतं. तारेत खरखर असे आणि तीन मिनिटांच्या आत तब्येत, पाऊसपाणी आणि मुद्दा अशा तिन्ही गोष्टी उरकायच्या असत. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. त्यांना काचेचं दार होतं. आतल्या माणसाचे हातवारे दिसत, शब्द ऐकू येत नसत, आणि त्याच्या डोळ्यांसमोर लाल आकड्यांचं मीटर पळत असे. त्या दारानं आणि त्या मीटरनं माणसाला जेवढी सभ्यता शिकवली, तेवढी नागरिकशास्त्राच्या पुस्तकानं शिकवली नाही.

मग मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळी मिनिटाचा दर १६ रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. त्यामुळे मोबाइलवाला मनुष्य ‘हं’, ‘बरं’, ‘घरी कर’ एवढ्यावर संसार चालवी. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले, आणि पुढे बोलणंच जवळजवळ फुकट झालं. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. किंमत उतरली की मागणी वाढते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. फुकट झाल्यावर मालाची प्रत काय होते, हे मात्र सिलॅबसमध्ये नव्हतं.

दार गेलं, मीटर गेलं, खरखर गेली. काकांचा आवाज तेवढा राहिला.

लोंबार नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरनं १९११ सालीच लिहून ठेवलं आहे की, भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो. म्हणजे लोकलमध्ये ओरडणाऱ्याला एकवेळ माफ करता येईल. पण वाचनालयात, जिथे पंख्याचासुद्धा आवाज पंखा दबून करतो, तिथे ‘हां, बोल! नाही, काही नाही, वाचत बसलोय!’ अशी आरोळी देणाऱ्याला कुठला डॉक्टर वाचवणार?

आमच्या डब्यात डोंबिवलीला चढणारे एक गृहस्थ आहेत. गावाकडच्या जमिनीवरून त्यांचं मेव्हण्याशी फोनवर भांडण चालू आहे. एका सोमवारी ‘मग आंब्याचं काय?’ असं गर्जून ते गप्प झाले. पलीकडचा मेव्हणा आंब्याचं काय ते सांगत होता, आणि इकडे आमचा अख्खा डबा मनातल्या मनात आंब्याची निरनिराळी वाटणी करत होता. माझ्या शेजाऱ्यानं शब्दकोडं अर्ध्यावर सोडलं. यात त्याचा दोष नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन माणसांचं पूर्ण बोलणं कानावर पडलं तर आपलं काम चालू राहतं, पण एकाच बाजूचं ऐकू आलं की लक्ष उडतं, कारण डोकं दुसरी बाजू जुळवत बसतं, असं त्यांना दिसून आलं. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळा कशाला वापरली कोण जाणे. डोंबिवलीचा पास काढला असता तर स्वस्तात झालं असतं. मंगळवारी ते गृहस्थ रजेवर होते. डब्यात कुणालाच करमेना.

बँकेत तर बघायलाच नको. ‘आपला ओटीपी कोणालाही सांगू नका’ अशी पाटी आम्ही भिंतीवर लावली आहे. बरोबर तिच्याखाली उभं राहून एक सद्‌गृहस्थ पोराला फोनवर विचारत होते, ‘अरे, आपल्या कार्डाचा पिन काय? एक नऊ सहा आठ? म्हणजे आईचं जन्मसालच ना?’ एका दमात पिनही फुटला आणि आईचं वयही. मी मान खाली घालून पासबुकं भरत राहिलो. प्रतिज्ञा मी केली होती, त्यांनी नव्हती!

तरीपण स्वतःचं गुपित स्वतः फोडावं, हा ज्याचा त्याचा हक्क आहे, असं मी समजतो. पिन त्यांचा, पैसे त्यांचे. माझं भांडण वेगळं आहे. मोबाइलवरून चारचौघांत फुटतात ती बहुतेक दुसऱ्यांची गुपितं असतात, आणि ती दुसरी माणसं तिथे हजर नसतात. कुणाच्या तरी नणंदेचा घटस्फोट मी मुलुंडला ऐकला. कारणं भांडुपपर्यंत पुरली. एका कंपनीतल्या हिशेबनिसाला एक तारखेपासून काढणार आहेत, हे मला विक्रोळीला कळलं. त्या बिचाऱ्याला ते एकतीस तारखेला कळायचं होतं.

आणि काही वेळा ते दुसरं माणूस हजर असतं.

मागे आईची साखर तपासायला एका दवाखान्यात गेलो होतो. (इथेही नाव-गाव गाळूनच लिहितो आहे.) बाकावर माझ्याशेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. त्यांचा मुलगा पाच पावलांवर खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून, बहिणीशी फोनवर बोलत होता. ‘नाही गं, बाबांना काही बोललो नाही. अल्सर आहे म्हणून सांगितलंय. तूही बोलू नकोस. ... हो, पसरलंय म्हणाले.’ पाठ केली की आवाज येत नाही, अशी त्याची समजूत असावी. ट्रे घेऊन चाललेली नर्स जागच्या जागी थांबली. त्या गृहस्थांनी नंबराच्या पाटीकडे एकदा पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘पहिल्यापासून मोठ्यानं बोलायची सवय त्याला,’ ते मला म्हणाले. ‘मीच लावली. ओसरीवर उभं करून पाढे म्हणून घ्यायचो. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला पाहिजे म्हणायचो.’

मी काय बोलणार? थोड्या वेळानं ते पुन्हा माझ्याकडे वळले. ‘मला ऐकू आलं, हे त्याला सांगू नका हं. लपवायला फार धडपडतोय तो.’

मुलगा आला. ‘चला बाबा, आपला नंबर. काही विशेष नाही, दोन गोळ्या देतील,’ असं हळू आवाजात म्हणाला. ‘बरं,’ म्हणून ते उठले. त्या मुलाच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण फोन कानाला लागला की भोवतालच्या माणसांचं फर्निचर होतं, आणि त्या फर्निचरमध्ये आपलं कोण बसलंय तेही दिसेनासं होतं. बाहेर पानाच्या ठेल्यापाशी तो मला पुन्हा भेटला. माझ्याकडे काडेपेटी मागितली. मी दिली आणि गप्प राहिलो. या बाबतीत माझ्याकडून कुणी सही घेतली नव्हती.

नियम आहेत. रेल्वे बोर्डानं जानेवारी २०२२मध्ये गाड्यांतून मोबाइलवर मोठ्यानं बोलायला मनाई केली. एप्रिल २०२३मध्ये ‘बेस्ट’नं बसगाड्यांसाठी तशीच सूचना काढली. पण ओरडणाऱ्याला थांबवायचं तर त्याच्याहून मोठ्यानं ओरडावं लागतं, आणि मग नियम दोघांनाही लागू होतो.

उपाय काढला आमच्या डब्यातल्या भजनी मंडळानं. (शांततेच्या कामी भजनी मंडळानं पुढाकार घ्यावा, यावर माझे स्वतःचे काही विचार आहेत; ते पुन्हा कधीतरी.) आंब्यावाल्या गृहस्थांनी ठाणे सोडल्यावर नेहमीप्रमाणे फोन लावला आणि विचारलं, ‘हॅलो! आवाज येतोय का?’

‘येतोऽऽय!’ पखवाजासकट अख्खं मंडळ म्हणालं.

गृहस्थ चपापले. दाराकडे तोंड करून, तोंडावर हाताचा द्रोण धरून ते अगदी कुजबुजत बोलू लागले. डबा शांत झाला. इतका शांत, की रुळांचा आवाज ऐकू यायला लागला. टाळ थांबले, वर्तमानपत्रं खाली आली, शब्दकोडंवाल्यानं पेन्सिल कानावर ठेवून मान पुढे काढली. कांजूरमार्ग गेलं तरी कुणाला एक अक्षर ऐकू येईना. अखेर पखवाजवाल्याला राहवलं नाही. तो माझ्या खांद्यावरून वाकून हळूच म्हणाला,

‘तुम्ही जवळ आहात, साहेब. आंब्याचं काय म्हणाले हो?’