घोषणा आणि ब्रीद

निवडणुकीचे दिवस आले व रस्त्यावरून कर्ण्याची गाडी फिरू लागली, की सुशिक्षित घरातील मंडळी खिडकी लावून घेतात. घोषणा म्हणजे निव्वळ गलबला. तिच्यात अर्थ शोधणे हे पाणी घुसळून लोणी काढण्यासारखे होय, असा या वर्गाचा दृढ समज आहे. हा समज वरवर पाहता शहाणपणाचा दिसतो. आमच्या मते मात्र तो चुकीचा आहे; इतकेच नव्हे, तर घातकही आहे. घोषणेस अर्थच नाही असे एकदा ठरविले, म्हणजे ती देणाऱ्याकडून काही वसूल करण्याचा हक्कही आपण आपण होऊन सोडून देतो.

कवितेच्या एका ओळीवर चार पृष्ठे टीका लिहिणाऱ्या आपल्या रसिकांनी राज्ये घडविणाऱ्या व मोडणाऱ्या दोन-तीन शब्दांकडे ढुंकूनही पाहू नये, हे नवल आहे. घोषणेचीही परीक्षा करता येते. कर्ता कोण, क्रियापद कोणते, आणि याच्या उलट म्हणणारा कोणी आहे काय, हे तीन प्रश्न तिला विचारावे. ज्या विधानाच्या विरुद्ध कोणीच बोलू शकत नाही, त्या विधानाने कोणतीच बाजू घेतलेली नसते.

मराठी माणसाच्या कानांत अजूनही घुमणारी घोषणा प्रथम घेऊ. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हे वाक्य 1956 पासून 1960 पर्यंत गावोगाव गर्जत होते, आणि 1957 च्या निवडणुकीत तर त्याने मराठी मुलखातील भल्याभल्यांची आसने डळमळविली. या वाक्याचा सारा जीव ‘च’ या एका अक्षरात आहे. ‘झाला पाहिजे’ ही इच्छा होय. ‘झालाच पाहिजे’ हा निर्धार होय. शिवाय त्याच्या उलट म्हणणारे लोक खरोखरच होते. मुंबई वेगळी राहावी असे म्हणणारे होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी गुजराती व मराठी मुलूख एकत्र करून द्वैभाषिक मुंबई राज्य स्थापणारे सरकार होते. ही घोषणा देणारा मनुष्य कोणाच्या बाजूस व कोणाच्या विरुद्ध उभा आहे, हे पोरासही कळत असे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘संयुक्त महाराष्ट्र’ एवढे शब्द पुढारी उच्चारी, आणि ‘झालाच पाहिजे’ हे क्रियापद समुदायाच्या मुखातून येई. वाक्य पुरे करण्याचे काम लोकांचे होते. आणि पुढे त्या वाक्याचा हिशेबही लोकांस मांडता आला. 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. परंतु ज्या बेळगाव, कारवार, निपाणी व डांगची नावे घोषणेत घेतली जात, ते भाग बाहेरच राहिले. डांग गुजरातेत गेला. सीमाभागाचा दावा महाराष्ट्र शासनाने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात नेला. किती मिळाले व किती राहिले, हे बोट ठेवून सांगता येते. ज्या घोषणेचे अपयशही मोजता येते, तिच्यात अर्थ होता याला याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

आता 1971 ची ‘गरिबी हटाव’ पाहा. येथे क्रियापद आहे, तेही आज्ञार्थी. पण आज्ञा कोणी कोणास केली? पुढाऱ्याने लोकांस केली म्हणावे, तर गरिबी हटविण्याचे काम लोकांवरच पडते; लोकांनी पुढाऱ्यास केली म्हणावे, तर ती पुढाऱ्याच्याच तोंडी कशी? यजमानानेच पंगतीत बसून ‘वाढा, वाढा’ म्हणून ओरडावे, तशातला हा प्रकार झाला. शिवाय ‘गरिबी राहू द्या’ असे म्हणणारा कोणता पक्ष होता? आमच्या कसोटीप्रमाणे ही घोषणा नापास व्हावयास हवी. पण इंदिरा गांधींच्या पक्षास त्या निवडणुकीत लोकसभेच्या 518 पैकी 352 जागा मिळाल्या! मग आमची कसोटीच खोटी म्हणावी काय?

तसे नाही. त्या वेळी एकत्र आलेल्या विरोधी पक्षांची घोषणा ‘इंदिरा हटाव’ ही होती. ‘ते मला हटवू पाहतात, मी गरिबीला’, असा सामना मांडला गेला, आणि एकट्या शब्दांत जो विरोध नव्हता तो प्रतिपक्षानेच त्यांस पुरविला. त्यापूर्वी 1969 साली 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते व संस्थानिकांच्या तनख्यांवर घाला आला होता. ती कृत्ये जमेस धरून लोकांनी घोषणेचा अर्थ लावला. एवंच, घोषणेचा काही अर्थ तिच्या शब्दांत असतो, तर काही तिच्या मागे उभ्या असलेल्या कृत्यांत. मात्र कर्ता व मुदत ही दोन्ही मोघम राहिल्यामुळे हे देणे कधी फिटले व कधी बुडाले, हे कोणासच निश्चित सांगता येईना.

यापुढच्या काळात क्रियापदच पातळ होत गेलेले दिसते. 2004 च्या निवडणुकीपूर्वी ‘इंडिया शायनिंग’ ही जाहिरात सर्वत्र झळकली. तीत मागणी नाही, वचन नाही. प्रेक्षकाने चकचकाट पाहावा व मान डोलवावी एवढीच अपेक्षा. ती पाहून ज्याच्या घरात उजेड नव्हता तो मनात काय म्हणाला असेल, याची कल्पना निकालावरून करता येते. 2014 ची ‘अच्छे दिन आने वाले हैं’ ही तिच्याहून चतुर. तीत क्रियापद आहे, पण येणारे दिवस आपण होऊन येणार. त्यांस आणणारा कोण, हे वाक्य सांगत नाही. ऋतू येतात तसे दिवस येतील, आणि न आल्यास ऋतूंवर फिर्याद कोण करणार? उलट टिळकांच्या 1916 च्या स्वराज्यविषयक वाक्यात ‘माझा’ आहे, ‘मी’ आहे, आणि शेवटी तोच ‘च’ आहे. वचनास धनी आहे.

अर्थ स्पष्ट असलेली प्रत्येक घोषणा कल्याणकारक असते असा मात्र आमचा दावा नाही. एखाद्या जमातीस हाकलून द्या म्हणणाऱ्या घोषणेचा अर्थ अगदी लख्ख असतो, आणि म्हणूनच ती भयंकर असते. पण अशा वेळीही ‘ते काय, निवडणुकीतले बोलणे’ म्हणून खिडकी लावून घेणारा गृहस्थ आपली जबाबदारीच टाळीत असतो.

आपल्या भाषेत घोषणेहून जुना व भारदस्त असा एक शब्द आहे: ब्रीद. ब्रीद मिरविता येते, पण ते राखावेही लागते. आपल्या संतांनी प्रत्यक्ष विठ्ठलास त्याच्या पतितपावन या ब्रीदावरून धारेवर धरले. ‘नाव घेतलेस, आता त्यास जाग’ असे त्याच्या दारी उभे राहून बजाविले. देवाच्या ब्रीदाचा हिशेब मागणाऱ्या या परंपरेच्या वारसांनी पुढाऱ्यांची घोषणा मात्र हसून सोडून द्यावी, हे शोभत नाही. पुढच्या खेपेस कर्ण्याची गाडी आली, की खिडकी उघडी ठेवावी, शब्द टिपून घ्यावे, आणि पाच वर्षांनी ते वाचून दाखवावे.