पहारेकऱ्याचा नकार

प्रवासाच्या पुस्तकांत, पर्यटनाच्या दिनदर्शिकांत आणि हल्ली ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये पहारेकऱ्यांची छायाचित्रे पुष्कळ सापडतात, पण त्यांचे प्रकार मोजून दोन. भरघोस मिशांचा, फेटा बांधलेला, एखाद्या वाड्याच्या नाहीतर बड्या हॉटेलच्या दारात सलाम ठोकणारा हा पहिला. प्लास्टिकच्या खुर्चीत मान टाकून झोपलेला हा दुसरा. पहिला दाराची शोभा वाढवतो, दुसऱ्यावर लोक हसतात. गेली सात-आठ वर्षे साताऱ्यात आणि सांगलीत पायी हिंडताना मी पहारेकऱ्यांची छायाचित्रे घेत आलो आहे. त्यात बँकेचे आहेत, एटीएमचे आहेत, मार्केट यार्डातल्या गोदामांचे आहेत, मंगल कार्यालयांचे आणि कोचिंग क्लासच्या फाटकावरचेही आहेत. या दोन प्रकारांहून वेगळे चित्र संभवते का, हे मला या लेखात तपासायचे आहे.

पहारेकऱ्याचे काम काय, तर मालकाच्या वतीने नाही म्हणणे. आत सोडता येणार नाही, गाडी इथे लावू नका, फोटो काढायला मनाई आहे. दिवसभर दुसऱ्याचा नकार उच्चारणाऱ्या या माणसाजवळ स्वतःचा नकार असतो का? कॅमेरा त्याच्याकडे वळतो तेव्हा हा प्रश्न उभा राहतो. त्याच्या कोणत्याही छायाचित्राची पारख माझ्या मते याच प्रश्नावर व्हावी. प्रकाश, चौकट, रंगसंगती हे सगळे नंतर.

आधी शब्द पाहू. 'वॉचमन' आणि 'सिक्युरिटी' यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे जागल्या होता, वेसकर होता, रामोशी होता. वेसकर म्हणजे गावाच्या वेशीवरचा. ते काम महारांकडे असे आणि ते घराण्याला बांधलेले असे. माणूस हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याने उभे राहायचे. पगाराच्या जागी तुटपुंजी वतनी जमीन आणि मागून आणलेली भाकरी. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, त्यामागे हीच चोवीस तासांची बांधिलकी होती. ही कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. 'जागल्या' या शब्दाचे नशीब त्या मानाने बरे. भ्रष्टाचार उघडकीला आणणाऱ्याला आता वर्तमानपत्रे जागल्या म्हणतात. शब्दाला बढती मिळाली. रात्री खरोखर जागणारा माणूस मात्र आहे तिथेच आहे.

रामोशांची कथा याहून कडू आहे. सातारा-पुण्याच्या मुलखात किल्ल्यांची आणि गावांची राखण त्यांच्याकडे असे. १८१८ नंतर कंपनीचा अंमल बसला, जुने हक्क गेले आणि उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिले गेले आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याचे रामोशांवरचे इंग्रजी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. जो राखण करत होता तोच आता अभ्यासण्याजोगा संशयित झाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. आणि आजही सोसायटीत चोरी झाली की पहिली चौकशी कोणाची होते, हे वाचकांना सांगायला नको.

हे सगळे छायाचित्रणाच्या चर्चेत कशाला, असे कोणी विचारील. कारण आपल्याकडे कॅमेरा आला तो याच नजरेचा हात धरून. मुंबईत विल्यम जॉन्सन याने १८६३ ते १८६६ या काळात तिथल्या रहिवाशांचा आणि आल्यागेल्यांचा दोन खंडांचा सचित्र संग्रह काढला. त्यातली कित्येक चित्रे जोडकामाची आहेत. माणसांचे छायाचित्र एकीकडे घ्यायचे, त्यांच्या आकृती कापायच्या आणि भलत्याच ठिकाणच्या देखाव्यावर चिकटवायच्या. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड छापले. चित्राखाली जात, जमात, धंदा आणि स्वभावाबद्दल दोन शेरे. माणसाचे नाव बहुधा नाहीच. मिशीवाल्या दरवानाचे आजचे चित्र पाहताना मला जॉन्सनची कात्री आठवते. त्या माणसाचे गाव, त्याची पाळी, मुकादमाशी त्याचे असलेले नाते हे सगळे कापून टाकलेले असते आणि उरलेली आकृती सुंदर दारावर डकवलेली असते.

कायद्यालाही पहारेकऱ्याचे एक छायाचित्र लागते. खासगी सुरक्षा संस्थांवरच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रत्येक रक्षकाला छायाचित्र असलेले ओळखपत्र देणे संस्थेवर बंधनकारक आहे. गळ्यातल्या त्या कार्डावरचा चेहरा आणि कार्डाच्या वरचा चेहरा मी नेहमी ताडून पाहतो. कार्डावरचा बहुतेक वेळा तरुण, ओले केस मागे सारलेला, गावच्या स्टुडिओतल्या निळ्या पडद्यासमोरचा. मधल्या वर्षांत काय झाले ते या दोन चेहऱ्यांच्या अंतरात दिसते. माझ्या संग्रहातली मला पटलेली चित्रे बहुतेक अशी आहेत की कार्ड आणि माणूस दोन्ही त्यांत नीट वाचता येतात.

आता झोपलेल्या पहारेकऱ्याच्या चित्राकडे येतो. या लेखात माझा खरा राग त्याच्यावर आहे. ते चित्र काढायला काही लागत नाही. विषय हालत नाही, विरोध करत नाही, प्रकाश एटीएमचा आयता मिळतो, आणि पाहणाऱ्याला काय वाटावे हे आधीच ठरलेले असते. त्या चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी सांगतो. पाळी बारा तासांची असते. सकाळचा माणूस आला नाही की 'डबल ड्यूटी' लागते, म्हणजे चोवीस तास. दिवसा शेतात पाणी पाजून रात्री साइटवर आलेला माणूस पहाटे तीन वाजता कुठल्या जोरावर जागा राहील? आणि ते चित्र सुपरवायझरच्या मोबाइलवर पोहोचले तर त्याची नोकरी जाते. चित्र घेणाऱ्याला मात्र पाच-पंचवीस हसरे चेहरे मिळतात. 'वास्तव टिपले' असे म्हणून याचे समर्थन करणारे भेटतात. झोपलेला माणूस हो म्हणू शकत नाही आणि नाही तर नाहीच नाही. ज्या क्षणी त्याचा नकार पूर्णपणे गहाळ आहे नेमका तो क्षण निवडणे, याला मी वास्तव म्हणणार नाही. असे चित्र मी घेत नाही, आणि प्रदर्शनात लागलेले दिसले तर समोर थांबत नाही.

जगात या विषयावर चांगले काम झाले आहे. संग्रहालयाचा पहारेकरी हा मोठा विचित्र प्रेक्षक असतो: सगळे वस्तूकडे तोंड करून उभे आणि हा एकटा वस्तूकडे पाठ करून माणसांकडे पाहणारा. १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखे प्रदर्शनात मांडली गेली. त्यानंतरच्या दिवसांतल्या गर्दीची कल्पना केली तरी ही उलटी दिशा ध्यानात येईल. अमेरिकन छायाचित्रकार अँडी फ्रीबर्ग याने रशियातल्या संग्रहालयांत खुर्च्यांवर बसून राखण करणाऱ्या वयस्क बायांची मालिका केली. बाईच्या स्वेटरचा रंग मागच्या चित्रातल्या रंगाशी जुळतो, तिची मान चित्रातल्या मानेसारखी कललेली. पाहायला फार गोड. पण बाई पुन्हा शोभाच झाली, असे मला वाटत राहते. फरक इतकाच की दाराऐवजी मागे नामांकित चित्र आहे. फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताने १९९१ साली 'गार्डेड व्ह्यू' नावाची मांडणी केली. तिच्यात चार काळे पुतळे आहेत, न्यूयॉर्कच्या चार संग्रहालयांच्या रक्षकांचे गणवेश घातलेले, आणि एकालाही डोके नाही. छायाचित्र नसूनही मला ते या विषयावरचे अधिक खरे चित्र वाटते. आपण गणवेश पाहतो, मानेच्या वर पाहत नाही, हे त्याने एका फटक्यात सांगितले.

डोक्याचे सोडा, डोळ्यांची गोष्ट तर आपल्याच मुलखातली आहे. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आज सांगली जिल्ह्यात येते, तेव्हा ते औंध संस्थानात होते. मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून तिथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. गजांआडून काढलेल्या माणसांना शेतीवर आणि विश्वासावर ठेवायचे, असा तो प्रयोग. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. पहारेकऱ्याच्या नजरेचा इतका विचार करणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही. त्यातला जेलर शस्त्राने पहारा करत नाही, डोळ्यांनी करतो. उलट टोकाला सांगलीचा तुरुंग. गणेशदुर्गातल्या त्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी २४ जुलै १९४३ रोजी पहाऱ्यावरच्यांची शस्त्रे घेऊन निसटले, पाठलागात दोघांना हौतात्म्य आले. ती कथा आपण वसंतदादांच्या बाजूने सांगतो आणि तसेच सांगायला हवे. तरी कधी वाटते, त्या दिवशी दारावर उभ्या असलेल्या शिपायाला संध्याकाळी काय विचारले गेले असेल?

साताऱ्यातल्या पहारेकऱ्यांचा एक विशेष सांगितलाच पाहिजे. इथला बँकेच्या दारातला दुनळीवाला बहुधा माजी सैनिक असतो. पहिल्या महायुद्धात ज्या गावचे ४६ जवान पडले ते अपशिंगे मिलिटरी याच जिल्ह्यात. देशातले पहिले सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झाले तेही साताऱ्यात. सतरा वर्षे नोकरी करून माणूस पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. शेती दोन भावांत अर्धा एकर, मग दुसरा गणवेश चढतो. २००५ च्याच कायद्याने खासगी रक्षकाने लष्कराचा किंवा पोलिसांचा, अगर त्यांच्यासारखा भासणारा गणवेश घालणे हा गुन्हा ठरवला आहे. तरतूद योग्यच आहे. पण ज्याने खरा गणवेश इतकी वर्षे घातला, तो दुसऱ्याच्या मापाचा आकाशी शर्ट आणि खांद्यावर प्लास्टिकची दोरी घालून उभा असतो. मी फोटोचे विचारले की हे लोक पटकन हो म्हणतात, पण अट घालतात. एकाने टोपी काढून ठेवली आणि म्हणाला, "ही कंपनीची. हिच्याशिवाय काढा." मग उभा राहिला तो असा ताठ, की शर्ट कोणाचा हे विसरायला व्हावे. दुसऱ्याने कमरेपासून वरचे चित्र मागितले. बूट फाटले होते. या अटी चित्राच्या आड येतात असे मानणारे छायाचित्रकार आहेत. मला त्या चित्राचा भाग वाटतात.

कासच्या पठारावर वेगळाच पहारेकरी भेटतो. फुलांच्या हंगामात आसपासच्या गावची माणसे संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या वतीने तिथे राखणीला असतात. वाट सोडून कोणी फुलांत उतरले की हटकतात. याच पठारावर एकेकाळी त्यांची गुरे चरत. फुलांत लोळून फोटो काढणाऱ्या शहरी जोडप्याला "ओ दादा, बाहेर या, बाहेर या" म्हणणाऱ्या त्या स्वरात पगारी नकाराच्या पलीकडचे काहीतरी असते. तिथे नाही म्हणणारा आणि ज्या जमिनीसाठी नाही म्हणायचे ती, यांची ओळख जुनी आहे. त्यांचे चित्र आपोआप वेगळे येते.

सांगलीकडे असे भाग्य कमी. तासगावच्या वाटेवर बेदाण्याची शीतगृहे आहेत. एप्रिलमध्ये आत बेदाणा गारठ्यात आणि फाटकावरचा माणूस पत्र्याच्या शेडखाली भाजत असतो. अशाच एका फाटकावर मी थांबलो. माणूस साठीच्या घरातला, बोलका. पाणी दिले, गाव विचारले, पावसाचे बोलणे झाले. फोटोचे काढताच हात आडवा केला.

"माझा नको साहेब."

कारण मी विचारत नाही. म्हटले, "तुमचा नको तर खुर्चीचा घेऊ?" खुर्ची खरोखर पाहण्यासारखी होती. तुटलेल्या हाताला सुतळी, पाठीला टॉवेल, पायाशी काठी आणि डबा.

"खुर्चीचा तर आजिबात नको. रिकामी खुर्ची दिसली की माणूस कुठं गेला म्हणून विचारतील."

मी कॅमेरा पिशवीत टाकला. निघताना त्याने थांबवले आणि फाटकावरची वही पुढे केली. रेघा मारलेले रकाने होते: नाव, गाव, गाडी नंबर, आत आल्याची वेळ, कोणाला भेटायचे, कामाचे स्वरूप. आत मी गेलो नव्हतो, तरी त्याने नाव विचारून नीट लिहून घेतले. कोणाला भेटायचे, या रकान्यात क्षणभर थांबून त्याने आडवी रेघ मारली. कामाच्या रकान्यात 'फोटो' असे लिहिले, त्यापुढे कंसात 'नाही', आणि सहीसाठी पेन माझ्या हातात दिले.