बालकांच्या हिवतापावरील संयुक्त औषधोपचार : परिणामकारकतेच्या निकषाची चिकित्सा

क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम हिवताप भारतात प्रथम १९७३ मध्ये आसामात नोंदला गेला. पुढे औषधधोरण टप्प्याटप्प्याने बदलत गेले आणि २०१० मध्ये आर्टेसुनेट व सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन हा संयुक्त उपचार देशभर स्वीकारला गेला. आर्टेसुनेट परोपजीवींची संख्या झपाट्याने घटवते. परंतु ते काही तासांतच शरीराबाहेर पडते. उरलेल्यांचा नाश दीर्घकाळ टिकणाऱ्या जोडीदार औषधाने करावयाचा असतो. जोडीदार दुबळा झाला की संयुक्त उपचार केवळ नावापुरता उरतो. याच कारणास्तव २०१३ मध्ये ईशान्येकडील राज्यांत आर्टेमेथर-लुमेफँट्रिन आले. महाराष्ट्रात मात्र पूर्वीचीच जोडी राहिली.

या उपचाराचे यश ज्या चाचण्यांवरून सांगितले जाते, त्यांत प्रत्येक मात्रा कार्यकर्त्यासमोर दिली जाते, उलटी झाल्यास ती पुन्हा दिली जाते आणि २८ दिवस रक्ततपासणी होते. लोधिवलीच्या परिसरात, खालापूर-कर्जत पट्ट्यातील कातकरी वाड्यांवर हे गृहीत धरता येत नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला की तिसऱ्या दिवसाची गोळी मागे राहण्याची शक्यता असते. कुटुंब वीटभट्टीवर निघून गेले तर पाठपुरावाही तुटतो. औषधाची क्षमता आणि उपचाराची परिणामकारकता या दोन भिन्न गोष्टी होत, याचा धोरणविषयक चर्चेत सोयीस्कर विसर पडतो.

याहून गंभीर प्रश्न मात्रेचा आहे. औषधाची पाकिटे वयोगटानुसार रंगीत असतात : एक वर्षाखालील बालकांसाठी गुलाबी, एक ते चार वर्षांसाठी पिवळे. वाटपाच्या दृष्टीने ही सोय उत्तमच. परंतु कुपोषित बालकाचे वय आणि वजन यांचा मेळ बसतोच असे नाही. शिवाय आफ्रिकेतील अभ्यासांत दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनचे प्रमाण प्रौढांपेक्षा बरेच कमी आढळले आहे. म्हणजे अपयश आले तर दोष परोपजीवीच्या प्रतिकाराचा की अपुऱ्या मात्रेचा, हे केवळ आकड्यांवरून ठरत नाही.

गुलाबी पाकिटातच एक विसंगती दडलेली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाच महिन्यांखालील अर्भकास सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन देऊ नये, पर्यायी संयुक्त औषध द्यावे. पण आर्टेमेथर-लुमेफँट्रिन तर पाच किलोखालील बालकांसाठी सुचविलेले नव्हते. कमी वजनाचे अर्भक अशा रीतीने दोन्ही नियमांच्या मध्ये सापडते. दोन ते पाच किलो वजनाच्या बालकांसाठी खास तयार केलेल्या मात्रेस स्वित्झर्लंडमध्ये मान्यता मिळाली, ती थेट २०२५ मध्ये.