ख्रिस्तपुराणाची नागरी प्रत व रे. अ‍ॅबट यांचे अनुमान

अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री रे. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२३ साली लंडन येथील मार्सडेन संग्रहातील ख्रिस्तपुराणाची नागरी प्रत विद्वानांपुढे आणिली. प्रॉटेस्टंट उपदेशकाने जेसुइट फादर स्टीफन्स यांच्या ग्रंथासाठी असे श्रम घ्यावे, हे त्यांच्या गुणग्राहकतेस भूषणावहच होय.

१९०७ साली मंगळुरास साल्डाना यांनी रोमन लिपीत छापिलेल्या पाठात जेथे पोर्तुगीज शब्द आहेत, तेथे नागरी प्रतीत पुष्कळदा संस्कृत शब्द येतात. सबब नागरी पाठच मूळचा, असे अ‍ॅबट म्हणतात. आमच्या मते हे अनुमान सिद्ध होत नाही. संस्कृत शब्द जसे कवीचे असतील, तसेच मागाहून पोथी शुद्ध करणाऱ्याचेही असू शकतील. १६१६, १६४९ व १६५४ च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आढळात नाही. मग पाठ ताडावा कशाशी?

तथापि शोधाचे मोल यामुळे उणे होत नाही. पोथीसंग्राहकांनी एवढाच बोध घ्यावा की, लिपी व शब्दकळा यांवरून मूळ पाठ ठरवू नये. कागद, हस्ताक्षर व पाठभेद ही तिन्ही आधी नोंदावी.