तळटीपेतली रखमाबाई

कायद्याच्या एखाद्या अभ्यासपत्रिकेकडे शोधनिबंध पाठवायचा म्हटला की लेखकांसाठीच्या सूचनांचे पाच-सात पानी बाड आधी हातात पडते. शब्दमर्यादा, दोनशे शब्दांचा सारांश, सूचक शब्द, तळटीपांची पद्धत, लेखकाची ओळख कुठेही उघड होऊ नये ही ताकीद. जाणकार मंडळी हे काम शेवटच्या आठवड्यात उरकायचे, शक्य तर एखाद्या विद्यार्थ्यावर सोपवायचे, असे समजतात. मी वकील नाही, प्राध्यापकही नाही, त्यामुळे सोपवायला विद्यार्थी नाही. ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ या खटल्यावरचा माझा इंग्रजी निबंध गेली दोन वर्षे मी स्वतःच पाठवणीसाठी तयार करते आहे. या कारकुनीत निबंधाची जितकी परीक्षा होते, तितकीच त्या नियमांचीही होते, असे माझे मत आहे. या लेखात मुख्यतः त्या नियमांविषयी लिहायचे आहे.

खटला वाचकांना ठाऊक असेल. 1864 साली जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षाच्या आसपास दादाजीशी झाले. त्या माहेरीच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या, आणि पुढे नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. 1884 मध्ये दादाजी कोर्टात गेला. सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्याचा दावा फेटाळला. 1886 मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरवून प्रकरण परत पाठवले. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

यातले पहिले दोन टप्पे अभ्यासपत्रिकेला हव्या त्या रूपात सहज बसतात : (1885) आयएलआर 9 बॉम 529 आणि (1886) आयएलआर 10 बॉम 301. म्हणजे इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेचा नववा खंड, पान 529. दहावा खंड, पान 301. 1875 च्या कायद्याने अधिकृत निवाडासंग्रहांना मान्यता दिली आणि 1876 पासून ही मालिका निघू लागली. जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात बसलेला माणूस एवढ्या आकड्यांवरून नेमक्या पानावर पोचतो. ही सोय थोर आहे, आणि तिची टिंगल मी करणार नाही. पण तिची सीमाही याच आकड्यांत आहे. 1886 सालच्या निवाड्यात 1887 ची कैद आणि 1888 ची तडजोड कशी असणार? खटला जिथे रखमाबाईंच्या अंगाला भिडतो, तिथून पुढे वृत्तपत्रे, पत्रे आणि पत्रके यांखेरीज गती नाही. आणि नेमकी तिथूनच उद्धरणपद्धती अडखळू लागते.

अमेरिकेत ‘ब्लूबुक’ चालते. 1926 पासून तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत आहेत. ऑक्सफर्डची ‘ऑस्कोला’ 2000 साली पीटर बर्क्स यांच्या पुढाकाराने आली आणि विरामचिन्हांची गर्दी बरीच कमी झाली. आपल्याकडच्या पत्रिका यांतली एक पत्करतात किंवा दोहोंचे मिश्रण करतात. या पद्धती निवाड्याभोवती वाढल्या. वृत्तपत्रासाठी त्यांच्यात जागा आहे, पण तिथला पहिला रकाना लेखकाच्या नावाचा. आता ‘केसरी’चे काय करायचे? या खटल्याच्या काळातले अग्रलेख विनास्वाक्षरीचे. 1887 साली बाहेर पडेपर्यंत संपादक आगरकर. टिळकांचा दबदबा आणि विरोध दोन्ही उघड. तरीही कित्येक पुस्तकांत ‘टिळक म्हणाले’ असे सरसकट येते. रकाना भरायचा म्हणून नाव भरले की तळटीप पूर्ण दिसते आणि पुरावा खोटा होतो. मी रकाना रिकामा ठेवला आहे, आणि त्या रिकाम्या जागेविषयी निबंधाच्या अंगात एक परिच्छेद लिहिला आहे. एकाच पत्राच्या कचेरीत बसलेली दोन माणसे बाईच्या प्रश्नावर फुटण्याच्या बेतात होती. पुढच्याच वर्षी आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. हा तपशील रकान्यापेक्षा मोलाचा आहे.

रखमाबाईंच्या स्वतःच्या लिखाणाचा पेच याच्या उलट. जून आणि सप्टेंबर 1885 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन पत्रे आली, सही ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाची इंग्रजीत. लेखिका कोण ते आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून लेखकाच्या जागी ‘रखमाबाई’ छापावे का? तसे केले तर त्या वेळी वाचकासमोर काय होते तेच पुसले जाते. कोर्टाच्या फलकावर जिचे नाव आहे, ती वर्तमानपत्रात निनावी आहे. हा भेद हाच माझ्या निबंधाचा एक मुद्दा आहे. मी टोपणनाव पुढे ठेवून खरे नाव चौकोनी कंसात घातले. नावातही घोळ आहेच : निवाडासंग्रहात ‘रुख्माबाई’, मराठीत ‘रखमाबाई’. संगणकाला एका नावाने शोधायला सांगितले तर दुसरी हाती लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मला एका इंग्रजी उपसर्गाने घ्यायला लावला. दाव्याचे इंग्रजी नाव ‘रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स’. त्यातला ‘रे’ म्हणजे पुन्हा, परत. पिन्हींच्या निकालाचा कणा या ‘परत’मध्ये आहे : जी बाई नवऱ्याजवळ कधी राहिलीच नाही, तिला ‘परत’ कसे पाठवणार? हा दावा मुळात इंग्लंडातला, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, आणि इंग्लंडातही तो एकत्र राहून वेगळे झालेल्यांसाठी. मराठीत हे सांगून पाहा. मराठी म्हणते ‘नांदायला जाणे’. पहिल्यांदा जाणारी नांदायला जाते आणि रुसून माहेरी आलेलीही नांदायला जाते. शब्द एकच. म्हणजे न्यायमूर्तींनी ज्या फटीत पाय रोवला ती फट आपल्या बोलण्यात मुळी नाहीच. पिन्हींचा निकाल मराठी माणसाला शब्दच्छल वाटला असेल, तर त्यामागे सनातनीपणा होताच. पण हा भाषेचा भागही होता, असे मी मांडते आहे. अपिलातल्या न्यायाधीशांनी तो भेद नाकारला. ते काही मराठीतून विचार करत नव्हते. पण त्यांचा निष्कर्ष ‘नांदणे’ या शब्दाच्या शेजारी जाऊन बसला, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

आता हा युक्तिवाद फक्त इंग्रजी अनुवादावर उभा राहील का? नाहीच राहणार. ‘नांदणे’चे इंग्रजी ‘सहवास’ या अर्थाच्या शब्दाने केले की माझा मुद्दा तिथेच मरतो. बहुतेक सूचनापत्रके परभाषेतला मजकूर रोमन लिपीत किंवा नुसत्या अनुवादाने द्यायला सांगतात. मी मूळ मजकूर देवनागरीत तळटीपेत ठेवला आहे आणि संपादकांना लिहायच्या पत्रात आधार दिला आहे तो पां. वा. काणे यांचा. मुंबई हायकोर्टात वकिली करणारा हा माणूस. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चे खंड पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1930 ते 1962 या काळात छापले. वर इंग्रजी विवेचन चालू असते आणि खाली देवनागरीत मूळ संस्कृत. वाचकाने आपल्या शब्दावर विसंबू नये, खाली बघावे, ही त्यामागची भूमिका. संस्कृतला जो मान मिळतो तो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मराठी वर्तमानपत्राला का मिळू नये, एवढेच मी विचारले आहे.

आपल्या बाजूलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. मराठी संशोधनलेखात ‘केसरीच्या त्या काळच्या एका अंकात’ असे लिहून पुढे सरकण्याची खोड जुनी आहे. तारीख नाही, पान नाही, अवतरण कुठे संपले त्याचा पत्ता नाही. रखमाबाईंविषयीची कितीतरी वाक्ये अशीच एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेली आहेत. सुधीर चंद्र यांच्या 1998 च्या ‘एन्स्लेव्ड डॉटर्स’सारख्या ग्रंथाने कागदपत्रांकडे परत जाण्याचा रस्ता दाखवला. परक्या पद्धतीचा जाच सोसावा तो एवढ्यासाठी की प्रत्येक टिपेपाशी ती विचारते, हे तू स्वतः पाहिलेस का? माझ्या निबंधातली अकरा अवतरणे या प्रश्नापुढे टिकली नाहीत. मूळ अंक हाती न आल्यामुळे ती मी ठेवलीच नाहीत.

ओळख लपवण्याच्या नियमाविषयी मला तक्रार नाही. परीक्षकाला माझे नाव, पदवी, संस्था काही कळत नाही. संस्थाच नसलेल्या माणसाला याहून समान वागणूक कुठे मिळणार? अडचण अर्जात असते. तिथे ‘संलग्न संस्था’ हा रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे जाऊ देत नाही. मी ‘स्वतंत्र’ लिहिते.

सारांशात मात्र मला एक गोष्ट आग्रहाने बसवायची आहे. रखमाबाई डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी नोकरी केली, आणि 25 सप्टेंबर 1955 ला त्या वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला आणि त्याच्या कलम 9 मध्ये हाच दावा नव्याने लिहिला गेला. कैदेची तरतूद 1923 मध्ये गेली होती. मालमत्ता जप्तीची राहिली. 1983 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवले. 1984 मध्ये सरोज राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. म्हणून ‘ऐतिहासिक’ हा सूचक शब्द मी यादीतून काढला.

शब्दमर्यादेपेक्षा निबंध अजून चारशे शब्दांनी मोठा आहे. पिन्हींच्या स्वभावावरचा माझा आवडता परिच्छेद काल कापला. ‘नांदणे’ची देवनागरी तळटीप आहे तशीच ठेवली आहे.