चेहरा नसलेली बाई : ‘टॉम अँड जेरी’ पुन्हा पाहताना

लहान मुलांसाठी काढलेल्या चित्रपटांची समीक्षेने दखल घ्यावी असे आपल्याकडे सहसा कोणाला वाटत नाही. मुलांची करमणूक निष्पाप असते. तिच्यात वर्ण, वर्ग आणि जात शोधणे म्हणजे रसभंग करणे, असे मानले जाते. परंतु माणसाने माणसाकडे कसे पाहावे याचे पहिले धडे माणूस करमणुकीतूनच गिरवतो. म्हणून लहानपणी ज्या व्यंगचित्रपटांवर मी जीव टाकला, ते ‘टॉम अँड जेरी’चे जुने चित्रपट मी अलीकडे ओळीने पुन्हा पाहिले. आजही हसू येते आणि ते मी नाकारत नाही. मात्र हे हसू कोणाच्या कष्टांवर उभे आहे, हा प्रश्न आता टाळता येत नाही.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात एमजीएम या अमेरिकन कंपनीसाठी या मालिकेचे ११४ लघुपट केले. त्यांपैकी सात लघुपटांना ऑस्कर मिळाले. पहिला लघुपट ‘पस गेट्स द बूट’ १० फेब्रुवारी १९४० रोजी प्रदर्शित झाला. त्याची कथा साधी आहे. घरकाम करणारी काळी बाई मांजराला दम भरते : आणखी एक वस्तू फुटली तर तुला घराबाहेर काढीन. उंदीर ही धमकी ऐकतो आणि मुद्दाम वस्तू फोडण्याच्या मागे लागतो. या बाईचे पाय दिसतात, सपाता दिसतात, घागरा, एप्रन आणि हातातला झाडू दिसतो. चेहरा दिसत नाही. १९५२ पर्यंतच्या सुमारे दीड डझन लघुपटांत ती जवळजवळ नेहमी अशीच येते. अभ्यासक तिला ‘मॅमी टू शूज’ म्हणतात, म्हणजे नावातही पुन्हा पायताणच. तिला आवाज दिला लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने.

याच फेब्रुवारी महिन्याच्या २९ तारखेला हॅटी मॅकडॅनियल या अभिनेत्रीला ‘गॉन विथ द विंड’मधील मॅमीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. परंतु त्या समारंभात तिला सहकलाकारांबरोबर बसवले नाही. भिंतीकडेला वेगळे टेबल मांडले होते. पडद्यावर मोलकरीण म्हणून स्वागत आणि पंगतीत मात्र वेगळे पान! गावकुसाबाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

कलावादी समीक्षक यावर म्हणतील की हा वर्णद्वेष नव्हे, हे तंत्र आहे. कॅमेरा मांजराच्या उंचीवर ठेवलेला आहे, म्हणून माणूस मानेखालीच दिसणार. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. १९५४ नंतर आलेले गोरे जोडपेही आधी बिनचेहऱ्याचेच दिसते, ही गोष्टही खरी. पण पुढे काय होते? पुढच्या चित्रपटांत गोऱ्यांना चेहरे मिळतात. १९५६ च्या ‘बिझी बडीज’ आणि १९५८ च्या ‘टॉट वॉचर्स’मध्ये मूल सांभाळायला जिनी नावाची गोरी मुलगी येते. तीही पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरी काम करणारीच. शिवाय ती काम टाकून सगळा वेळ टेलिफोनवर बोलत बसते. मांजर तेच आणि त्याची उंचीही तीच; पण जिनीला डोळे आहेत, ओठ आहेत, नाव आहे. राबणारी ती बिनचेहऱ्याची आणि काम टाळणारी ही चेहऱ्याची! याचा अर्थ असा की कॅमेरा कोणासाठी वर उचलायचा, याचा निर्णय तंत्र करीत नाही. तो माणूस करतो.

भारतात कार्टून नेटवर्क १९९५ साली सुरू झाले. आमच्या घरी टीव्ही नव्हता. आई ज्या घरी धुणीभांडी करायची तिथे ती काम आटोपेपर्यंत मी जमिनीवर बसून हे चित्रपट पाहत असे. इंग्रजी कळत नव्हते. पण ही बाई मालकीण नसून कामाला येणारी आहे, हे तिच्या पायांवरून कळत असे. जमिनीवर बसणाऱ्याला पायांची ओळख लवकर होते. एकदा पदराला हात पुसत आई घटकाभर थांबली. पडद्यावर कपाटातली सगळी कपबशी फुटत होती. ती म्हणाली, “एवढं समदं फोडलं, आता हे आवरायचं कुनी?” या मालिकेवर यापेक्षा नेमकी टीका मी आजवर वाचलेली नाही. पाठलागाचा सगळा विनोद मोडतोडीवर उभा आहे आणि मोडलेले उचलणारे दोन हात त्याने गृहीत धरलेले आहेत. १९४८ च्या ‘माऊस क्लीनिंग’मध्ये तर तिने पुसून लख्ख केलेले घर पुन्हा घाण करणे हाच सारा विनोद आहे. शेवटी घर कोळशाने भरते, मांजर काळे होते आणि काळ्या माणसाच्या बोलण्याची नक्कल करते. तिचे श्रम आणि तिचा वर्ण या दोन्हींची थट्टा एकाच ठिकाणी होते.

तरीही या बाईजवळ एक गोष्ट आहे. टॉम आणि जेरी जवळजवळ मुके आहेत. त्या मुक्या जगात भाषा आहे ती तिच्याजवळ. ती रागावते, दरडावते, हुकूम सोडते. तिचे बोलणे दक्षिणेतल्या काळ्या माणसांच्या बोलीचे आहे. अर्थात ते गोऱ्यांनी हसण्यासाठी लिहिलेले आहे. असे असूनही लिलियन रँडॉल्फच्या आवाजात एक ताकद आहे आणि ती लिहून देणाऱ्यांच्या मालकीची नाही.

पुढे या चित्रपटांची दुरुस्ती झाली. १९६० च्या दशकात टीव्हीसाठी काही चित्रपटांत बाईचे पाय गोरे रंगवले आणि आवाज गोऱ्या अभिनेत्रीचा घातला. १९९० च्या दशकात थिया विडाल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडून संवाद पुन्हा म्हणवून घेतले आणि बोलीचे कंगोरे घासून टाकले. २००७ च्या संग्रहातून ‘माऊस क्लीनिंग’ वगळलाच. रंग बदलला, बोली बदलली, शेवटी बाईच काढून टाकली. पण तिला चेहरा द्यावा, असे या दुरुस्त्यांत कुठेच झाले नाही. त्यांतून सोय झाली ती पाहणाऱ्याची. २००५ च्या संग्रहाच्या प्रास्ताविकात व्हूपी गोल्डबर्ग या अभिनेत्रीने घेतलेली भूमिका मला अधिक प्रामाणिक वाटते : हे चित्रण चूकच होते, पण ते पुसणे म्हणजे असे काही घडलेच नाही असे भासवणे होय.

या प्रश्नाचा आपल्या वाङ्मयाशी थेट संबंध आहे. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले ते केवळ नावाच्या आकर्षणापोटी नव्हे. आपल्याकडेही राबणारी बाई प्रस्थापित कथा-कादंबऱ्यांत बहुधा हातांपुरती आणि पायांपुरतीच येत होती. तिची बोली विनोदासाठी वापरायची आणि बाकीचे पुस्तक प्रमाण भाषेत लिहायचे, ही रीत होती. १९८६ साली बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले, २००३ साली ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ आले. या पुस्तकांतल्या बायांना चेहरे आहेत. त्यांची बोली हसण्यासाठी नाही, जगणे सांगण्यासाठी आहे. हा फरक नुसत्या सहानुभूतीने पडत नाही. लेखणी कोणाच्या हाती आहे, यावर तो अवलंबून असतो.

म्हणून हे चित्रपट मुलांपासून लपवू नयेत, असे माझे मत आहे. शिक्षकांनी ते वर्गात दाखवावेत, मुलांना पोटभर हसू द्यावे आणि मग माझ्या आईचा प्रश्न विचारावा. उत्तर शोधताना मुलांची नजर मांजर-उंदरावरून झाडू धरलेल्या हातांकडे जाईल आणि ते हात कोणाचे, हे ती स्वतःच विचारू लागतील.